गोधडी

गोधडी हे जुन्या सुती कपड्यांचे थर एकावर एक ठेवून, त्यांवर हाताने धावदोरा घालून तयार केलेले अंथरूण-पांघरूण आहे. महाराष्ट्राच्या सर्व भागांत ती शिवली जाते. मराठवाड्यात व पश्चिम महाराष्ट्रात जाड गोधडीला वाकळ असेही म्हणतात. वरच्या थरावर वेगवेगळ्या रंगांची ठिगळे जोडलेली असतात. काही गोधड्यांवर कापडातून कातरलेली फुले, पाने व वेली शिवून सजावट केलेली असते. गोधडी हे प्रामुख्याने स्त्रियांचे घरगुती शिवणकाम असून ते शिकवण्यासाठी लेखी नमुने किंवा पुस्तके नसत. आईकडून मुलीकडे आणि सासूकडून सुनेकडे ते पाहून-पाहून पोचले.

## नाव व संबंधित शब्द

'गोधडी' या शब्दाची भावंडे शेजारच्या भाषांत आढळतात. हिंदीत 'गुदडी' आणि गुजरातीत 'गोदडी' असे शब्द आहेत. 'वाकळ' हा शब्द संस्कृत 'वल्कल' या शब्दाशी जोडला जातो. चिंध्या जोडून केलेल्या वस्त्रासाठी संस्कृतात 'कंथा' हा शब्द आहे. नाथपंथी योग्यांच्या वेशात कंथेचा समावेश होतो. बंगालमधील 'कांथा' या भरतकामाचे नावही याच शब्दाशी संबंधित मानले जाते.

गोधडीसारख्या इतर वस्तूंची नावे मराठीत काटेकोरपणे वेगळी आहेत:

* दुपटे – तान्ह्या बाळाला गुंडाळण्याचे मऊ, पातळ वस्त्र.
* चौघडी – कापडाचे चार पदर करून शिवलेले पांघरूण.
* दुलई व रजई – दोन कापडांच्या मध्ये पिंजलेला कापूस भरलेले पांघरूण. यासाठी पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून घ्यावा लागतो.
* घोंगडी – मेंढीच्या लोकरीचे विणलेले वस्त्र. ते पावसातही वापरता येते.

गोधडीत सुटा कापूस नसतो. तिची ऊब कापडाच्या थरांमध्ये अडकलेल्या हवेमुळे निर्माण होते. दाट धावदोऱ्यामुळे कापडावर बारीक सुरकुत्या उठतात, थरांमध्ये हवेचे लहान-लहान कप्पे तयार होतात आणि ऊब टिकते.

## साहित्य

पारंपरिक गोधडीचा मुख्य आधार म्हणजे नऊवारी सुती लुगडे. नऊ वार म्हणजे सुमारे ८ मीटर लांबीच्या लुगड्याचे चार सारखे तुकडे केले, तर प्रत्येकी सुमारे २ मीटर लांबीचे चार थर मिळतात. एका माणसाच्या पांघरुणाला ही लांबी पुरते. त्यामुळे एक लुगडे म्हणजे एक साधी, अरुंद गोधडी असा ढोबळ हिशेब होतो. रुंदी वाढवायची असल्यास दोन पाट जोडावे लागतात.

लुगड्याखेरीज धोतर, सदरे, परकर, चादरी आणि शिंप्याकडे उरलेले कातरण वापरले जाते. विरलेले कापड आतल्या थरांत, तर त्यातल्या त्यात धड कापड वरच्या व खालच्या थरात ठेवतात. लुगड्याचे काठ वेगळे काढून ते गोधडीच्या चारी बाजूंना लावतात, कारण काठाची वीण घट्ट असते आणि गोधडी सर्वांत आधी कडेलाच झिजते. सुई लांब व जाड असावी लागते. दोरा सुती आणि पक्क्या रंगाचा असतो. पांढरा दोरा गडद कापडावर उठून दिसतो, म्हणून तो अनेकदा मुद्दाम निवडला जातो.

## शिवण्याची पद्धत

गोधडी शिवण्याचा काळ प्रामुख्याने उन्हाळ्याचा असतो. सुगी संपलेली असते, शेतात काम कमी असते आणि धुतलेले कापड लवकर वाळते. कामाचे टप्पे साधारणपणे पुढीलप्रमाणे असतात:

1. धुणे व निवड. सर्व कापड धुऊन वाळवतात. नवे कापड वापरायचे असल्यास ते आधी भिजवणे आवश्यक असते. नवे सुती कापड पहिल्या धुण्यात आटते आणि त्याचा रंग जाऊ शकतो. न भिजवता ते शिवल्यास पुढे गोधडी वेडीवाकडी ओढली जाते.
2. वरचा थर जोडणे. चौकोनी, आयताकृती किंवा त्रिकोणी तुकडे एकमेकांना जोडून किंवा एका अखंड कापडावर मांडून वरचा थर तयार करतात. लहान तुकडे आधी जोडून त्यांच्या पट्ट्या आणि मग पट्ट्यांचे अखंड कापड करणे सोपे जाते.
3. थर पसरणे. खालचा थर सारवलेल्या किंवा झाडून स्वच्छ केलेल्या जमिनीवर ताणून पसरतात. त्यावर मधले थर व शेवटी वरचा थर येतो. कोपऱ्यांवर वजन ठेवून प्रत्येक थर हाताने मध्यापासून कडेकडे सपाट करतात.
4. टाचणे. लांब कच्च्या टाक्यांनी सर्व थर एकत्र धरून ठेवतात. हा टप्पा टाळल्यास आतला थर गोळा होतो आणि नंतर तो सरळ करता येत नाही.
5. दोरे घालणे. कडेपासून सुरुवात करून चौकोनात चौकोन अशा रीतीने मध्यापर्यंत धावदोरा घालतात किंवा एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत समांतर ओळी घालतात. पहिल्या पद्धतीत कापडाचा सैलपणा मध्याकडे सरकत जातो. तो वरचेवर हाताने सारखा करावा लागतो.
6. कड बंद करणे. काठाची पट्टी किंवा गोट लावून कडा दुमडून शिवतात.

या कामाला लागणारे श्रम साध्या गणिताने लक्षात येतात. दीड मीटर रुंद व दोन मीटर लांब गोधडीवर एकेक सेंटिमीटर अंतराने ओळी घातल्या, तर १५० ओळी होतात आणि धावदोऱ्याची एकूण लांबी ३०० मीटर भरते. एका सेंटिमीटरला एक टाका धरल्यास ३०,००० टाके होतात. घरातील इतर कामे सांभाळून हे शिवण पूर्ण व्हायला अनेक दिवस लागतात.

## फुलांची सजावट

रोजच्या वापरातील वाकळीत ठिगळाचे काम झिजलेली जागा झाकणे हे असते. लग्नात द्यायच्या किंवा बाळासाठी केलेल्या गोधडीत मात्र ठिगळ हीच सजावट होते. एका कापडावर दुसऱ्या कापडाची कातरलेली आकृती शिवण्याच्या या कामाला आज सर्रास 'ॲप्लिक' किंवा 'पॅचवर्क' म्हणतात.

फुलाची आकृती दोन प्रकारे मिळते. छापील कापडावरील फूल जसेच्या तसे कातरून घेणे हा सोपा प्रकार आहे. दुसऱ्या प्रकारात पाकळी, पान व देठ यांचे कागदी साचे करून वेगवेगळ्या रंगांच्या कापडांतून ते कातरतात. कातरताना आकृतीभोवती सुमारे अर्धा सेंटिमीटर कापड जास्त ठेवतात आणि ते आत दुमडून कड पक्की करतात. दुमडताना बाहेर फुगलेल्या कडेवर बारीक चुण्या घेतात, तर आत वळलेल्या कडेवर लहान छेद देतात. असे न केल्यास पाकळीला कोपरे पडतात. वळणाऱ्या वेलीसाठी उरेब पट्टी, म्हणजे कापड तिरके कापून काढलेली पट्टी, वापरतात. तिरके कापड ताणले जाते, त्यामुळे ते वळणावर सुरकुतत नाही.

शिवण्याचा क्रम महत्त्वाचा असतो. आधी देठ, नंतर पाने, त्यानंतर पाकळ्या आणि सर्वांत शेवटी मधला गोल लावतात. यामुळे प्रत्येक तुकड्याचे उघडे टोक पुढच्या तुकड्याखाली झाकले जाते. कड न दिसणाऱ्या बारीक टाक्यांनी किंवा काजटाक्याने बसवतात. काजटाका कडेवर ठळक दिसतो आणि कापड उसवण्यापासून वाचवतो. हे सर्व काम थर एकत्र करण्यापूर्वी फक्त वरच्या कापडावर करतात. नंतर दोरे घालताना फुलाच्या कडेकडेने धावदोरा फिरवला की फूल किंचित उठून दिसते.

फुलांची गोधडी उरलेल्या चिंध्यांतून करायची असल्यास रंगांचा मेळ बसवणे हीच मुख्य अडचण असते. त्यावरचा नेहमीचा उपाय म्हणजे एखादाच रंग सर्वत्र पुन्हा आणणे. उदाहरणार्थ, सर्व फुलांचे मध्य एकाच पिवळ्या कापडाचे किंवा सर्व पाने एकाच हिरव्या लुगड्याची करतात. त्यामुळे वेगवेगळे तुकडे एकत्र बांधल्यासारखे दिसतात.

## बीड जिल्ह्यातील संदर्भ

बीड जिल्हा बालाघाट डोंगररांगेच्या परिसरात असून येथील उन्हाळा कडक आणि हिवाळ्यातील रात्री थंड असतात. बीड तालुक्यातील नेकनूर हे आठवडी बाजाराचे मोठे गाव आहे. नेकनूरसारख्या गावांत शेतकरी व मजूर कुटुंबांच्या घरी गोधडी हे अंथरूण आणि पांघरूण अशा दोन्ही कामांसाठी वापरले जाते. एरवी गोधड्यांची घडी करून त्यांची चळत रचून ठेवतात.

जिल्ह्यातील मोठ्या संख्येने कुटुंबे दरवर्षी ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे स्थलांतर करतात. हा हंगाम साधारणपणे दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडावर संपतो. या काळात कुटुंब फडाजवळच्या कोपीत राहते. नेमके हेच थंडीचे महिने असतात. भांडी, धान्य आणि गोधड्या हा सोबत नेल्या जाणाऱ्या संसाराचा मुख्य भाग असतो. उघड्यावरच्या ओलसर जमिनीवर जाड वाकळ खाली अंथरली जाते. त्यामुळे गोधडीची जाडी आणि संख्या हा या कुटुंबांसाठी थेट आरोग्याचा प्रश्न आहे.

जिल्ह्यातील अंबाजोगाई येथे संतकवी दासोपंत (१५५१–१६१५) यांची प्रसिद्ध पासोडी आहे. पासोडी म्हणजे पांघरण्याचे जाड सुती वस्त्र. दासोपंतांनी अशा लांबलचक वस्त्रावर 'पंचीकरण' हा विषय लिहून काढला. पासोडी ही ठिगळांची गोधडी नव्हे. तरीही पांघरुणाच्या कापडाचा ग्रंथासाठी वापर झाल्याचे हे दुर्मीळ उदाहरण आहे.

## सामाजिक व सांस्कृतिक संदर्भ

बाळाचे पहिले दुपटे किंवा गोधडी आजीच्या जुन्या लुगड्याची करण्याची पद्धत सर्वत्र आढळते. अनेक धुण्यांनी मऊ झालेले सूत बाळाच्या कातडीला टोचत नाही, हे त्याचे व्यावहारिक कारण आहे. घरातील माणसांचे कपडे एकाच गोधडीत येत असल्याने ती कुटुंबाच्या आठवणींचे साधन बनते. कैलास दौंड यांची 'गोधडी' ही कविता याच विषयावर असून ती महाराष्ट्राच्या शालेय मराठी पाठ्यपुस्तकात समाविष्ट झाली होती.

गाडगे महाराज (१८७६–१९५६) चिंध्यांचे कपडे वापरत. त्यामुळे ते 'गोधडे महाराज' व 'चिंधे बाबा' या नावांनीही ओळखले जात. 'आभाळच फाटले तर ठिगळ कुठे लावणार' ही म्हण मोठ्या संकटापुढील हतबलता सांगताना ठिगळाचाच दाखला देते.

गोधडी शिवण्याचे श्रम घरात विनामोबदला होत असल्याने त्यांची किंमत क्वचितच मोजली गेली. काही स्त्रिया मात्र गावोगाव किंवा शहरातील वस्त्यांत फिरून मजुरीवर गोधड्या शिवून देतात. जुन्या कपड्यांवर बोहारणीचाही हक्क असतो. जुने कपडे देऊन भांडे घ्यावे की त्यांची गोधडी करावी, हा निर्णय बहुधा घरातील स्त्रीच घेते.

## इतर प्रदेशांतील तत्सम प्रकार

बंगालमधील कांथा, बिहारमधील सुजनी आणि सिंध, कच्छ व राजस्थानातील रल्ली हे गोधडीला जवळचे प्रकार आहेत. रल्लीत कातरलेल्या आकृत्यांचे शिवणकाम विशेष विकसित झाले आहे. ओडिशातील पिपिली हे गाव ॲप्लिकसाठी प्रसिद्ध असून तेथील कामाचा जगन्नाथाच्या रथयात्रेशी संबंध आहे.

कर्नाटकाच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी समाजाच्या कवंदी या गोधड्या रंगीत ठिगळांच्या असतात. त्या कडेपासून आत शिवत नेतात आणि कोपऱ्यांवर घड्या घातलेले लहान तुकडे लावतात. या तुकड्यांना 'फुला' म्हणतात आणि त्यांच्याशिवाय कवंदी अपुरी मानली जाते. जपानमधील 'बोरो' आणि अमेरिकेतील अलाबामा राज्यातल्या गीज बेंड येथील कृष्णवर्णीय स्त्रियांच्या गोधड्या ही टाकाऊ कापडाच्या पुनर्वापराची जगप्रसिद्ध उदाहरणे आहेत.

## सद्यस्थिती

नऊवारी सुती लुगड्यांची जागा कृत्रिम धाग्यांच्या साड्यांनी घेतल्यामुळे गोधडीचा कच्चा माल बदलला आहे. अशा साड्या टिकाऊ व स्वस्त असतात, पण घाम शोषत नाहीत. त्यांचे थर एकमेकांवरून घसरतात, त्यामुळे टाचणे व दोरे घालणे अवघड होते. आगीजवळ हे कापड वितळून अंगाला चिकटते. चूल आणि अंथरूण एकाच कोपीत असेल, तर हा धोका गंभीर ठरतो. यावर उपाय म्हणून कृत्रिम कापड फक्त आतल्या थरांत घालून बाहेरचे थर सुती ठेवले जातात. मात्र त्यामुळे धोका कमी झाला तरी नाहीसा होत नाही.

गिरणीत तयार झालेल्या स्वस्त ब्लँकेटमुळे घरगुती वापर कमी झाला आहे. दुसरीकडे शहरांत हस्तकला म्हणून गोधडीला मागणी निर्माण झाली असून महिला बचत गट व लघुउद्योजक नव्या सुती कापडाच्या गोधड्या विकतात. शिलाई यंत्रावर शिवलेली गोधडी लवकर तयार होते, पण यंत्राची टीप घट्ट बसत असल्याने तिला हाताच्या धावदोऱ्याचा मऊपणा येत नाही.

## निगा

गोधडी भिजल्यावर फार जड होते व पूर्ण वाळण्यास वेळ लागतो. त्यामुळे ती कडक उन्हाच्या दिवसांत, शक्यतो पावसाळ्यापूर्वी धुतात आणि दोन्ही बाजूंनी वाळवतात. आतला थर ओला राहिल्यास कुबट वास येतो व कापड कुजते. विरलेल्या जागी वेळीच ठिगळ लावल्यास तिचे आयुष्य वाढते. फारच जीर्ण झालेली गोधडी फेकून न देता नव्या गोधडीच्या आत भर म्हणून घातली जाते.