एका पंगतीतून दोन वाटा

येशू यहुदी होता आणि त्याचे पहिले अनुयायीही यहुदीच होते. त्यांना नवा धर्म काढायचा नव्हता. वाट पाहिलेला मसीहा आला, एवढीच त्यांची श्रद्धा होती.

● यरुशलेमची मंडळी : पुढारी येशूचा भाऊ याकोब. मंदिरातली प्रार्थना, शब्बाथाची विश्रांती, सुंता सारे चालूच होते. इ.स. ६२ मध्ये याकोबाला दगडांनी ठार मारण्यात आले.

● जेवणावरून वाद : अंत्युखिया शहरात येशूचा शिष्य पेत्र यहुदीतर बांधवांच्या पंगतीला बसत असे. याकोबाकडची माणसे येताच तो मागे सरला. प्रेषित पौलाने त्याला सगळ्यांदेखत खडसावले.

● सुंतेचा प्रश्न : इ.स. ४९ च्या सुमारास यरुशलेमच्या बैठकीत ठरले, की यहुदीतरांवर सुंतेची सक्ती नको.

● ताटातूट : रोमन सैन्याने इ.स. ७० मध्ये मंदिर उद्ध्वस्त केले. १३५ मध्ये बार कोखबाचे रोमविरुद्धचे बंड मोडल्यावर यहुद्यांना यरुशलेम बंद झाले. चर्चचा इतिहासकार युसेबियस लिहितो, की तोवरचे तिथले १५ बिशप यहुदी होते, पुढचे यहुदीतर.

● दोन्हीकडून परके : नासोरी आणि एबिओनी पंथ येशूला मानत आणि मोशेचे नियमशास्त्रही पाळत. चर्चच्या लेखकांनी एबिओनींना पाखंडी ठरवले.

● पंचांगही वेगळे : इ.स. ३२५ च्या निकाया परिषदेने ईस्टरची तारीख यहुदी गणनेपासून तोडली.

नाते मात्र पुरते तुटले नाही. ‘आमेन’ आणि ‘हालेलुया’ हे मूळ हिब्रू शब्द आजही जगभरच्या चर्चमध्ये, आपल्या वसईतही, घुमतात.