विवेकाची वाट (लेखांक ५) : अविवेकी विचाराला जाब

मागच्या लेखांकात आपण अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी उलगडलेली साखळी पाहिली : घटना, तिच्याविषयीची आपली धारणा आणि त्यातून उठणारी भावना. एलिस यांनी १९५५मध्ये न्यूयॉर्कला मांडलेली आणि मुंबईच्या कि. मो. फडके यांनी भारतात रुजवलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती मधल्या कडीवर काम करते. ते कसं, हे आज पाहू.

२०१२-१३च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या. अनेकांना झाडं तोडावी लागली. अशा वर्षातला अंबड तालुक्यातला एक शेतकरी कल्पनेने समोर आणू. टँकरचं पाणी घालूनही बाग गेली, सोसायटीचं कर्ज थकलं. त्याने पारावर बसणं सोडलं आहे. मनात एकच घोकणं : ‘बाग वाचवायलाच पाहिजे होती. आता गावात तोंड दाखवायच्या लायकीचा राहिलो नाही.’

समुपदेशक इथे ‘होईल सगळं ठीक’ म्हणत नाही. नुकसान खरंच झालंय, कर्जही खरं आहे. तो हात घालतो त्या ‘लायकी’च्या निवाड्याला.

आधी पुरावा मागायचा. ‘काका, शेजाऱ्याची बाग वाचली?’ ‘त्याचीबी गेली.’ ‘मग तोही नालायक?’ ‘छे! पाणीच नव्हतं, तो काय करणार?’ शेजाऱ्याला दिलेला न्याय स्वतःला का नाही, हा प्रश्न इथे आपोआप उभा राहतो.

मग तर्क तपासायचा. बाग गेली, यावरून आख्खा माणूस वाया गेला, हे कसं ठरलं? शेवटी उपयोग पाहायचा. स्वतःला बोल लावून एक हप्ता तरी फिटला का? उलट कर्जाच्या पुनर्गठनाचा अर्ज करायचंही त्राण उरलं नाही.

धारणा एका बैठकीत सुटत नाही. म्हणून घरचा अभ्यास असतो : उद्या संध्याकाळी पारावर जाऊन बसायचं आणि लोक खरंच काय म्हणतात ते ऐकायचं. एलिस स्वतः एकोणिसाव्या वर्षी बुजरेपणा घालवायला महिनाभर बागेत जाऊन अनोळखी स्त्रियांशी बोलत राहिले. नकार मिळूनही काही कोसळलं नाही, हे त्यांनी अनुभवातून जाणलं.

या साऱ्यातून शेतकरी आनंदी होत नाही, व्हायलाही नको. ‘बाग वाचावी अशी फार इच्छा होती, वाचली नाही, वाईट वाटतं, तरी मी पुढचं बघू शकतो,’ इथवर तो येतो. दुःख राहतं, पण ते त्याला बँकेपर्यंत जाऊ देतं. पाणी, भाव आणि विम्याचा जाब सरकारला विचारायचा तो विचारायचाच. त्यासाठीही माणूस उभा राहायला हवा.

राज्य सरकारने शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी २०१५मध्ये सुरू केलेल्या ‘प्रेरणा’ प्रकल्पात जालना जिल्हा आहे. जगणंच नको वाटू लागलं, तर एकट्याने झुंजू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर लगेच बोला.

(पुढच्या आठवड्यात : ‘लोक काय म्हणतील?’)