हेगचे दार आणि आग्वादची कोठडी

पोर्तुगालमध्ये २८ मे १९२६ रोजी सैन्याने बंड करून प्रजासत्ताक मोडीत काढले. त्या लष्करी राजवटीतूनच सालाझार वर आले, १९३२ मध्ये पंतप्रधान झाले आणि पुढची ३६ वर्षे सत्ता त्यांच्या हातात राहिली. या हुकूमशाहीचा जाच गोव्यालाही सोसावा लागला. राजकीय कैद्यांना नेहमीच्या कोर्टाऐवजी लष्करी न्यायाधिकरणापुढे उभे करीत. त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हा यांना १९४६ मध्ये अशाच न्यायाधिकरणाने आठ वर्षांची शिक्षा ठोठावली आणि पोर्तुगालमधल्या पेनिश किल्ल्यात नेऊन ठेवले. गोवामुक्तीसाठी झालेल्या १९५५ च्या सत्याग्रहात मधु लिमये यांना १२ वर्षे झाली, ना. ग. गोरे आग्वादच्या तुरुंगात गेले. त्याच वर्षी १५ ऑगस्टला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार होऊन वीसहून अधिक जण मेले.

याची दाद कुठे मागायची? न्यूरेंबर्ग आणि टोकियोला युद्धगुन्ह्यांचे खटले चालले होते खरे, पण ते जेत्यांनी पराभूतांवर चालवलेले. काम संपताच ती न्यायालये उठली. पोर्तुगाल तर हरलेला नव्हताच, १९४९ पासून नाटोचा संस्थापक सदस्य होता. हेगला आंतरराष्ट्रीय न्यायालय होते, मात्र तिथे वादी आणि प्रतिवादी दोन्ही देशच असावे लागतात. कैद्याची फिर्याद तिथे दाखलच होत नाही.

हुकूमशाहीला मात्र ते दार उघडे होते. दादरा आणि नगरहवेली हे पोर्तुगीज मुलूख १९५४ मध्ये मुक्त झाले, तिथे जाण्याचा रस्ता भारताने अडवला, म्हणून पोर्तुगालने २२ डिसेंबर १९५५ रोजी भारतावर दावा लावला. भारताची बाजू मोतीलाल सेटलवाड यांनी मांडली, तदर्थ न्यायाधीश म्हणून महंमद करीम छागला बसले. पोर्तुगालने पुढे केलेला दस्तऐवज होता पेशव्यांशी झालेला १७७९ चा पुण्याचा तह. त्याचा मराठी मजकूर हेगमध्ये बारकाईने वाचला गेला, आणि पेशव्यांनी दिला तो वर्षाला १२,००० रुपयांचा सरंजाम, म्हणजे महसुलाचा हक्क होता, सार्वभौमत्व नव्हे, असे न्यायालयाने ठरवले. १२ एप्रिल १९६० च्या निकालाने माणसे, मुलकी अधिकारी आणि माल नेण्याचा पोर्तुगालचा हक्क मानला, सैन्य आणि शस्त्रे नेण्याचा मानला नाही. भारताने कर्तव्य मोडलेले नाही, असेही त्यात म्हटले. सरंजाम या शब्दाचा एवढा कीस पडला, पण आग्वादच्या कोठड्यांबद्दल त्या निकालात काही येणे शक्यच नव्हते.

मग उरली ती मनधरणी. सांगलीचे मोहन रानडे गोव्यात शिक्षक होते. आझाद गोमंतक दल या सशस्त्र संघटनेतर्फे पोलीस ठाण्यावर हल्ला करताना ते १९५५ मध्ये पकडले गेले आणि त्यांना २६ वर्षांची शिक्षा झाली. गोवा १९६१ मध्ये मुक्त झाला तरी ते लिस्बनजवळच्या काशियास किल्ल्यात अडकून पडले. सुटकेसाठी सुधीर फडके यांनी समिती उभी केली, तमिळनाडूचे मुख्यमंत्री अण्णादुराई यांनी पोप पॉल सहावे यांना गळ घातली. रानडे जानेवारी १९६९ मध्ये सुटले.

कायदा पुढे बदलला, फार उशिरा. स्पॅनिश न्यायाधीशाच्या वॉरंटवरून चिलीचे माजी लष्करशहा पिनोशे यांना १९९८ मध्ये लंडनमध्ये अटक झाली, पण प्रकृतीच्या कारणावरून ते मायदेशी परतले. चाडचे हिसेन हाब्रे यांना मात्र २०१६ मध्ये सेनेगलमधल्या खास न्यायालयाने जन्मठेप दिली. हेगचे आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय १ जुलै २००२ पासून अस्तित्वात आहे. त्या तारखेआधीचे गुन्हे ते हाती घेत नाही. भारताने त्याच्या करारावर सहीच केलेली नाही. म्यानमारचे लष्करप्रमुख मिन आँग हलाइंग यांच्या अटकेचे वॉरंट त्याच न्यायालयाच्या अभियोक्त्याने नोव्हेंबर २०२४ मध्ये मागितले.

गोव्याच्या पोलिसांत काझिमिरो मोंतेरू हा छळासाठी कुप्रसिद्ध होता. लिस्बनच्या न्यायालयाने १९८१ मध्ये त्याला गैरहजेरीत दोषी ठरवले. ती शिक्षा पोर्तुगीज सेनानी उंबेर्तू देल्गादो यांच्या खुनाबद्दल होती.