पुढचे आठ दात पाहता, मागच्या चोवीस दाढांचे काय?

बाजारात बैल घ्यायचा म्हटला की आपण आधी त्याचा खालचा ओठ ओढून दात पाहतो. आदत आहे, दोनदाती आहे, चारदाती आहे की जुळला, यावर भाव ठरतो. पण एकदा जनावर दावणीला आले की त्याच्या तोंडात पुन्हा कोणी डोकावत नाही. जनावर वाळत चालले की पेंड वाढवतो, जंताचे औषध पाजतो, कोणी नजर उतरवतो. दुखणे मात्र दाढेत असू शकते, हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

दातांचा हिशेब

पूर्ण वाढलेल्या गाई-बैलाला एकूण ३२ दात असतात. पुढचे ८ दात फक्त खालच्या जबड्यात असतात. वर दातांच्या जागी टणक हिरडी असते. देशी जनावरात कायम दातांची पहिली जोडी साधारण दोन ते अडीच वर्षांत येते आणि चार-पाच वर्षांत आठही दात पुरे होतात. म्हशीत थोडा उशीर लागतो. या आठ दातांवरून वय कळते, पण कडबा दळण्याचे खरे काम मागच्या २४ दाढा करतात. गाय दिवसाकाठी सहा ते आठ तास रवंथ करते. हे जाते बिघडले तर गव्हाण भरलेली असूनही जनावर उपाशी राहते.

दाढ का टोचते?

जनावराचा वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असतो. त्यामुळे वरच्या दाढांची बाहेरची कड आणि खालच्या दाढांची आतली कड कमी झिजते व हळूहळू धारदार होते. वरची धार गालाला लागते, खालची जिभेला. जखम झाली की जनावर चावायला भिते. म्हाताऱ्या जनावरात दाढ हलते, पडते किंवा एखादी वाढून समोरच्या हिरडीत रुतते.

ही लक्षणे पाहा

- जनावर गव्हाणीशी येते, पण हळू खाते आणि मान एका बाजूला वाकडी करून चावते.
- अर्धवट चावलेला चाऱ्याचा बोळा तोंडातून खाली पडतो किंवा गालात साठून गाल फुगतो.
- शेणात अख्खे दाणे व लांब काड्या दिसतात.
- तोंडाला घाण वास येतो, लाळ गळते.
- थंड पाणी पिताना जनावर दचकते.

गालावरून, बाहेरूनच, तळव्याने दाढांची रांग हलके दाबून पाहावी. दुखत असेल तर जनावर लगेच मान झटकते. आत मात्र हात घालू नये.

हात घालू नका, कारण…

तोंडातून लाळ गळते, घास गिळता येत नाही, घशात काही अडकल्यासारखे वाटते, ही लक्षणे पिसाळलेल्या जनावरातही दिसतात. कुत्रा चावल्याचे आपण पाहिलेले नसते. हाड अडकले असेल म्हणून एक जण हात घालतो, दुसरा जीभ धरतो. हा रोग एकदा उठला की माणूस काय, जनावर काय, वाचत नाही म्हटले तरी चालेल. अशी लाळ जखमेला किंवा ओरखड्याला लागली तर वाहत्या पाण्याने व साबणाने १५ मिनिटे धुवावे आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन लस सुरू करावी.

लाळेबरोबर ताप, तोंडात फोड आणि पायाच्या बेचक्यात जखमा असतील तर तो लाळ्या-खुरकूत समजावा. जनावर वेगळे बांधून दवाखान्याला लगेच कळवावे.

काटे कापू नका

जनावर खाईना की गालातले व जिभेवरचे काटे वाढले म्हणून ते कात्रीने कापायची किंवा मीठ लावून खरडायची पद्धत गावोगाव आहे. हे काटे निसर्गानेच दिलेले आहेत. चारा धरायला आणि आत सरकवायला ते लागतात. ते कापले की दुखऱ्या तोंडात आणखी जखमा होतात. दाढेची धार तशीच राहते.

दवाखान्यात काय करतात?

पशुवैद्यक जनावर खोड्यात घेऊन आधी पिसाळण्याची शंका नाही ना, हे पाहतात. मग तोंड उघडे ठेवणारी पकड लावून बॅटरीच्या उजेडात प्रत्येक दाढ तपासतात. धारदार कडा लांब दांड्याच्या खास कानशीने घासून बोथट करतात आणि तोंड जंतुनाशक पाण्याने धुतात. हलणारी दाढ भूल देऊन काढावी लागते. त्यासाठी आदल्या दिवशी चारा बंद ठेवायचा का, हे डॉक्टरांना विचारूनच निघावे. जबड्याच्या हाडावर घट्ट, न हलणारी गाठ आली किंवा जीभ लाकडासारखी कडक झाली तर तो वेगळा जंतुसंसर्ग असतो. तिथे उपचार लवकर सुरू झाले तरच गुण येतो.

घासल्यावर चार-आठ दिवस मऊ हिरवा चारा, भिजवलेली पेंड द्यावी. दात झिजलेल्या म्हाताऱ्या जनावराला अख्खा कडबा टाकू नये, बारीक कुट्टी द्यावी. दोन ते पाच वर्षांच्या खोंडाचे दुधाचे दात पडत असतात. तो काही दिवस हळू खाईल. त्याला मारून खायला लावू नये.

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी यांनी

गावात खोडा नसेल तर ग्रामपंचायतीने एक भक्कम खोडा बसवावा. खोड्यावाचून तोंडाची तपासणी माणसालाही धोक्याची आणि जनावरालाही. लाळ्या-खुरकूतची लस टोचायला डॉक्टर गावात येतात, तेव्हा वाळलेली जनावरे त्यांना मुद्दाम दाखवावीत. चंद्रपूर, यवतमाळसारख्या जिल्ह्यांत काही गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे. अशा भागात बऱ्याच जनावरांचे दात तपकिरी पडून लवकर झिजत असतील तर पाणी तपासून घ्यावे. तेच पाणी आपली लेकरेही पितात.

धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत म्हणतात. पण आपण पदरचे पैसे मोजून आणलेल्या गाईचे दात वर्षातून एकदा तरी डॉक्टरांकडून पाहून घ्यायला हवेत. वाळत चाललेल्या जनावराला बाजार दाखवण्याआधी दवाखाना दाखवा. कदाचित दोष जनावरात नसेल, एका दाढेत असेल.