समुद्र नसलेला आपला जुना मुल्क : निजामाचे हैदराबाद

नेपाळ, अफगाणिस्तान, उझबेकिस्तान यांची नावे निघाली की आपले व्यापारी बांधव म्हणतात, त्या बिचाऱ्यांना समुद्रच नाही, त्यांचा माल शेजाऱ्याच्या मर्जीवर. बोलणे खरे आहे. पण १९४८ पर्यंत आपण परभणीकरही अशाच एका चारी बाजूंनी जमीन असलेल्या मुल्काचे रहिवासी होतो, हे दुकानावर बसणाऱ्या नव्या पिढीला सांगितले तर त्यांना पटत नाही. म्हणून हा लेख.

निजामाचे हैदराबाद संस्थान सुमारे ८२ हजार चौरस मैलांचे. आजच्या पुष्कळ स्वतंत्र देशांपेक्षा मोठे. १९४१ च्या जनगणनेत लोकसंख्या १ कोटी ६३ लाखांच्या घरात होती. जिल्हे सोळा : तेलंगणातले आठ, कर्नाटकातले तीन आणि मराठवाड्यातले पाच, म्हणजे औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद. गोदावरी आणि कृष्णा या दोन्ही मोठ्या नद्या याच मुल्कातून वाहत समुद्राला मिळत, पण त्यांची मुखे दुसऱ्याच्या ताब्यात होती. परराष्ट्र व्यवहार इंग्रजांच्या हाती असला तरी नाणे, टपाल, जकात आणि पुढे रेल्वेही संस्थानची स्वतःची.

हा मुल्क जन्मापासून बंदिस्त नव्हता. गोवळकोंड्याच्या काळापासून पूर्व किनाऱ्यावरचे मछलीपट्टण हे दख्खनचे मोठे बंदर होते. तिथले कलमकारी आणि छिटाचे कापड इराणपर्यंत आणि पुढे युरोपात जाई. अठराव्या शतकात फ्रेंच आणि इंग्रजांच्या झगड्यात हा किनारा हातातून गेला. १७६६ च्या तहाने तो कंपनीकडे राहिला आणि १७८८ मध्ये गुंटूरही गेले. १८०२ च्या व्यापारी तहात निजामाला मछलीपट्टण बंदर वापरण्याची मुभा कागदावर मिळाली. मालक मात्र कंपनीच. ज्याने दुसऱ्याच्या ओट्यावर दुकान मांडले आहे, त्याला याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

रहिवाशांत निम्म्याच्या जवळपास तेलुगू बोलणारे, चौथा हिस्सा मराठी, बाकी कन्नड आणि उर्दू. कचेरीची भाषा आधी फारसी, नंतर उर्दू. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात वरचे शिक्षणही उर्दूतून होते. पण बाजाराची भाषा ज्या त्या मुलखाची. आमच्याकडचे पिंजारी, मन्यार, बागवान, अत्तार, रंगरेज घरात दखनी बोलत आणि गिऱ्हाइकाशी मराठी. परभणीला हजरत तुराबुल हक यांच्या उरुसात आजही हेच ऐकू येते. औरंगाबादचा हिमरू आणि मशरू, पैठणची पैठणी, बिदरचे बिदरी काम, वरंगळचे गालिचे ही या मुल्काची ओळख. मशरू शब्द शरअवरून आला. वर रेशीम आणि अंगाला लागणारी बाजू सुताची, म्हणून वापरायला जायज. कारागिराने गिऱ्हाइकाची अडचण ओळखून काढलेला माल तो हा.

दौलत कमी नव्हती. सिंगरेणीचा कोळसा, शहाबादचे सिमेंट, सिरपूरचा कागद, १९३१ मध्ये पूर्ण झालेले निजामसागर धरण आणि बोधनचा साखर कारखाना. कापडात गुलबर्ग्याची महबूबशाही, नांदेडची उस्मानशाही आणि १९३४ मध्ये सुरू झालेली वरंगळची आझमजाही मिल. आणि आपला गावरानी कापूस. नांदेड-परभणीच्या काळ्या जमिनीतला हा देशी कापूस धाग्याला लांब म्हणून मुंबईच्या गिरण्यांत त्याला मागणी असे. परभणीला १९१८ पासून त्यावर सरकारी संशोधन सुरू झाले. सेलू, मानवत, परभणीच्या जिनिंग-प्रेसिंगची भरभराट याच कापसावर झाली.

आता खरा हिशोब पाहू. मानवतची गाठ मुंबईला पोहोचेपर्यंत तिला तीन दरवाजे लागत.

पहिला करोडगिरीचा, म्हणजे संस्थानच्या सरहद्दीवरील जकातीचा. १८०२ च्या तहात मालाच्या किमतीवर शेकडा पाच हा दर ठरला होता. दुसरा दरवाजा नाण्याचा. आपल्याकडे हाली सिक्का, पलीकडे कलदार. शंभर कलदारांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली, हा ठरलेला भाव. म्हणजे सहा कलदाराला सात हाली. आमच्या घरच्या जुन्या उर्दू वहीत प्रत्येक रकमेपुढे ‘ह’ किंवा ‘क’ लिहिलेले आहे. हे अक्षर विसरणारा मुनीम मालकाला बुडवी.

तिसरा दरवाजा मनमाडचा, आणि तो माझ्या मते सर्वांत महाग. हैदराबादची पहिली रेल्वे १८७४ मध्ये वाडीपर्यंत आली, ती रुंद रुळांची, मुंबई-मद्रास मार्गाला सरळ जोडलेली. पण गोदावरी खोऱ्यातून मनमाडला जाणारी आपली लाइन १९०० च्या सुमारास झाली ती मीटर गेजची. परभणी ते मनमाड सुमारे २९० किलोमीटर छोटी गाडी. तिथे सगळा माल उतरवायचा, मोठ्या गाडीच्या वाघिणीत पुन्हा चढवायचा, मग मुंबईचे २६० किलोमीटर. हमाली दोनदा, वाघिणीची वाट पाहणे वेगळे, पावसाळ्यात गाठ भिजण्याची धास्ती वेगळी. गिरणीवाला भाव देई मुंबईचा. मधला सगळा खर्च वजा होऊन उरेल तो मानवतच्या शेतकऱ्याचा आणि आडत्याचा. उलट बाजूने येणारे कापड, रॉकेल, यंत्राचे सुटे भाग यांच्यावर हाच खर्च चढे आणि तो आमचे गिऱ्हाईक भरी.

राज्यकर्त्यांनाही हे कळत होते. १९४७ च्या आसपास गोव्याचे मुरगाव बंदर पोर्तुगीजांकडून मिळवण्याची बोलणी निजामाच्या बाजूने झाली. हाती काही आले नाही. बंदर मिळाले असते तरी मधला मुलूख दुसऱ्याचाच होता. नोव्हेंबर १९४७ मध्ये भारताशी जैसे थे करार झाला. पण संबंध बिघडत गेले आणि १९४८ मध्ये मालाची कोंडी सुरू झाली. मीठ, रॉकेल, औषधे यांची टंचाई पडली. कोळसा, सिमेंट, साखर स्वतः बनवणारा मुल्क मिठासाठी अडला! सप्टेंबर १९४८ च्या पोलीस ॲक्शनने तो मुल्क संपला. त्या वर्षी रझाकारांच्या आणि नंतरच्या हिंसाचारात गोरगरीब भरडले गेले. तो विषय व्यापाराच्या पानात मावणारा नाही.

नेपाळने हेच २०१५ मध्ये पाहिले. भारताच्या सरहद्दीवरची वाहतूक अडली तेव्हा काठमांडूत पेट्रोल, गॅस आणि औषधांसाठी लोक हैराण झाले. समुद्र नसलेल्या देशांना शेजाऱ्याच्या जमिनीतून वाट मिळण्याचा हक्क १९८२ च्या सागरी कायद्याच्या करारात मान्य झालेला आहे. पण वाट कुठून, कोणत्या अटीवर, हे शेवटी शेजाऱ्याशी बसूनच ठरते. उझबेकिस्तानचे तर शेजारीही समुद्राविना. तिथल्या कापसाला बंदर गाठायला किमान दोन देश ओलांडावे लागतात.

आपले दरवाजे एकेक करून निघाले. विलीनीकरणानंतर हाली सिक्का आणि करोडगिरी टप्प्याटप्प्याने बंद झाली. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला. १९४२ मध्ये कामकाज सुरू केलेली हैदराबाद स्टेट बँक पुढे नाव बदलून स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली आणि २०१७ मध्ये भारतीय स्टेट बँकेत मिळाली. आपले बुजुर्ग तिला शेवटपर्यंत ‘हैदराबाद बँक’च म्हणत. मनमाडचा दरवाजा मात्र सर्वांत उशिरा निघाला. परभणीला रुंद रूळ पोहोचायला १९९० चे दशक उजाडले. तोवर संस्थान जाऊन चाळीसहून अधिक वर्षे झाली होती, आणि मनमाडच्या फलाटावर आपल्या गाठी एका वाघिणीतून दुसरीत चढतच होत्या.