तोल बिघडवणारा आतला हल्ला

डोक्याच्या मागच्या बाजूला, मानेच्या जरा वर असलेला लहान मेंदू आकाराने संपूर्ण मेंदूच्या जेमतेम एक दशांश. पण मेंदूतल्या निम्म्याहून अधिक चेतापेशी त्यातच असतात. चालताना तोल सांभाळणे, घास नेमका तोंडाशी नेणे, शब्द स्पष्ट उच्चारणे ही त्याची कामे. त्यातल्या मोठ्या पर्किंजे पेशींचे वर्णन यान पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने १८३७ मध्ये केले.

कधी कधी शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा याच पेशींवर उलटते. बीजांडकोशाच्या किंवा स्तनाच्या कर्करोगाच्या काही गाठींत एरवी मेंदूत आढळणारी प्रथिने तयार होतात. यंत्रणा गाठीवर तुटून पडते आणि तशीच प्रथिने असलेल्या पर्किंजे पेशीही त्यात मारल्या जातात. अशा अनेक रुग्णांच्या रक्तात ‘अँटी-यो’ प्रतिपिंडे सापडतात. बरेचदा गाठीचा पत्ता लागण्याआधीच चाल अडखळते, जीभ जड होते. गव्हातल्या ग्लुटेनमुळे लहान मेंदूवर होणाऱ्या अशाच हल्ल्यात मात्र ग्लुटेन कटाक्षाने टाळल्यास सुधारणा होऊ शकते.

मेलेल्या पर्किंजे पेशी पुन्हा तयार होत नाहीत. म्हणून काही आठवड्यांत तोल बिघडत चालला असेल, तर अशक्तपणा समजून अंगावर काढू नका. मेंदूविकारतज्ज्ञांना लवकर गाठा.