सही केलेली बॅट खरी की छापील? आणि माळ्यावरच्या जुन्या पुस्तकांचं काय?

मीरा रोडच्या आमच्या ग्रुपमधल्या एकाने मागच्या वर्षी वाढदिवसाला स्वतःलाच भेट दिली. इन्स्टाग्रामवरून मागवलेली, भारतीय टीमच्या सह्या असलेली बॅट. काचेची पेटी, सोबत होलोग्राम चिकटवलेलं सर्टिफिकेट, किंमत आठ हजार. आम्ही सगळ्यांनी बॅटसोबत फोटो काढले. मग कोणीतरी मोबाईलचा कॅमेरा झूम केला आणि शाईच्या जागी बारीक ठिपके दिसले. सह्या छापलेल्या होत्या.

विकणाऱ्याला मेसेज केला तर उत्तर आलं, "आम्ही 'सिग्नेचर बॅट' लिहिलं होतं. खेळाडूंनी हाताने सह्या केल्यात असं कुठे म्हटलं?" शब्दांत पकडायला गेलं तर तो खोटं बोलतही नव्हता.

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात. पण खेळाडूंच्या वस्तू जमवायच्या असतील तर आधी मूळच शोधावं लागतं. ही वस्तू मैदानातून तुमच्या घरापर्यंत कोणाकोणाच्या हातातून आली, याला या धंद्यात 'प्रोव्हेनन्स' म्हणतात. आपण तिला वस्तूची कुंडली म्हणू.

एकच शर्ट, दोन किमती

कुंडलीने किती फरक पडतो? अमेरिकेतल्या बेसबॉलचं उदाहरण घेऊ, कारण हा बाजार तिथे फार जुना आहे. बेब रूथ हा तिथला दंतकथा झालेला खेळाडू. १९३२ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये त्याने हाताने खूण करून मग चेंडू प्रेक्षकांत भिरकावला, अशी गोष्ट सांगितली जाते. त्याचा एक शर्ट २००५ मध्ये ९ लाख ४० हजार डॉलरला विकला गेला. तोच शर्ट २०२४ मध्ये पुन्हा लिलावात आला आणि २ कोटी ४१ लाख डॉलरना गेला.

मधल्या काळात शर्टावर काही झालं नव्हतं. फक्त तज्ज्ञांनी १९३२ च्या मॅचचे जुने फोटो आणि शर्टावरच्या अक्षरांची, शिवणीची जागा ताडून पाहिली आणि हा त्याच दिवशीचा शर्ट आहे असा निष्कर्ष काढला. याला 'फोटो मॅचिंग' म्हणतात. पैसे कापडाचे नाहीत, पुराव्याचे.

आपल्याकडेही हेच दिसतं. २ एप्रिल २०११ ला वानखेडेवर धोनीने ज्या बॅटने शेवटचा षटकार मारला, ती त्याच वर्षी लंडनच्या लिलावात १ लाख पौंडांना गेली. ती बॅट चालताना तर अख्ख्या देशाने पाहिली होती.

होलोग्राम काय सिद्ध करतो?

एकटा होलोग्राम काहीच सिद्ध करत नाही. कुठल्याही प्रिंटिंगवाल्याकडे तो करून मिळतो.

१९९० च्या दशकात अमेरिकेत खोट्या सह्यांचा इतका सुळसुळाट झाला की एफबीआयने 'ऑपरेशन बुलपेन' नावाची मोहीम उघडली. सॅन दिएगोचा स्टार टोनी ग्विन याला तर आपल्याच टीमच्या दुकानात आपल्याच नावाच्या खोट्या सह्या दिसल्या होत्या. तपासात मदर तेरेसांच्या बनावट सह्या असलेले बेसबॉलही सापडले! (मदर तेरेसा बेसबॉलवर सही का करतील, हा प्रश्न विकत घेणाऱ्यांना पडला नसावा.) या बहुतेक मालासोबत सर्टिफिकेट होतंच.

म्हणून २००१ पासून मेजर लीग बेसबॉलने मॅचच्या वेळी साक्षीदार बसवायला सुरुवात केली. त्याच्या डोळ्यांदेखत वस्तू मैदानातून आली किंवा सही झाली, तरच नंबर असलेला होलोग्राम लागतो. तिथे किंमत त्या साक्षीदाराला आहे.

मग घरबसल्या काय तपासायचं? भिंगातून किंवा मोबाईल झूम करून ठिपके दिसतात का बघा. बॉलपेनने कागदावर हलकी खाच पडते, छापील सहीने पडत नाही. त्याच विकणाऱ्याच्या दोन-तीन बॅटींचे फोटो शेजारी ठेवा. माणूस दोनदा हुबेहूब सारखी सही करू शकत नाही. रेष न् रेष जुळली तर ती मशीनची. आणि सरळ विचारा, कधी, कुठे, कोणासमोर? 'माझ्या ओळखीचा एक जण टीमच्या हॉटेलात आहे' हे उत्तर आलं की फोन ठेवा.

ज्यांना अस्सल वस्तू नुसत्या बघायच्या आहेत, त्यांच्यासाठी पुण्यात सहकारनगरला रोहन पाटे यांचं 'ब्लेड्स ऑफ ग्लोरी' हे क्रिकेटचं म्युझियम आहे. २०१२ मध्ये सचिन तेंडुलकरच्या हस्ते ते सुरू झालं.

बॅटपेक्षा पुस्तक का बरं?

बॅटचा बाजार चकाचक असतो, पण आमच्या मते खरी गंमत जुन्या पुस्तकांत आहे. 'विस्डेन' या इंग्लंडच्या वार्षिकाचा पहिला अंक १८६४ चा, किंमत एक शिलिंग. तो आता आपल्या आवाक्याबाहेर आहे. १९१६ चा अंकही दुर्मिळ, कारण महायुद्धामुळे प्रती कमी छापल्या आणि त्यात डब्ल्यू. जी. ग्रेस यांचा मृत्युलेख आहे.

मुंबईचं स्वतःचं भांडारही कमी नाही. १८९७ मध्ये शापूरजी सोराबजींनी पारशी क्रिकेटचा इतिहास लिहिला. त्यात मैदानावर पोलो खेळणाऱ्या गोऱ्यांशी झालेल्या भांडणाचीही हकीकत आहे. १९०५ मध्ये जे. एम. फ्रामजी पटेल यांचं पुस्तक आलं. आणि मराठीत १९४८ चं 'माझे क्रीडा-जीवन', पळवणकर विठ्ठल यांचं. विठ्ठल म्हणजे महान दलित गोलंदाज पळवणकर बाळू यांचे धाकटे भाऊ, १९२३ मध्ये हिंदू संघाचे कॅप्टन झालेले. टीममधल्या जातीच्या राजकारणाबद्दल ते सोसलेल्या माणसाने स्वतः लिहिलं आहे. रामचंद्र गुहा यांनी २००२ च्या आपल्या इतिहासात या पुस्तकाचा आधार घेतला. अशा पुस्तकावर कोणाची सही नसली तरी चालतं.

अशी पुस्तकं टिकतात ती कोणीतरी जपली म्हणून. आकडेवारीचे जाणकार आनंदजी डोसा यांनी आपला संग्रह क्रिकेट क्लब ऑफ इंडियाला दिला. तिथल्या लायब्ररीला त्यांचंच नाव आहे.

आता आपल्या गावाबद्दल

गिरगाव, दादरच्या चाळींतून अनेक मराठी कुटुंबं मीरा-भाईंदरला आली. येताना ट्रंकाही आल्या आणि माळ्यावर गेल्या. आता त्या जुन्या बिल्डिंगा रीडेव्हलपमेंटला चालल्या आहेत. घर रिकामं करताना सगळ्यात आधी माळा साफ होतो आणि किलोच्या भावाने रद्दीवाल्याकडे जातो.

जे वाचतं त्याचं हवेशी वैर. एका बाजूला खाडी, आजूबाजूला मिठागरं, त्यात चार महिने पाऊस. कागद दमट होतो, बुरशी धरते, कसर लागते. पुस्तकं बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, पावसाळ्यानंतर सावलीत वारा द्या. सही केलेला फोटो खिडकीसमोर टांगला की उन्हाने शाई उडते. आणि लॅमिनेशन अजिबात नको! एकदा केलं की कागद खराब केल्याशिवाय सहसा ते निघत नाही. सेलोटेपही नको.

त्या बॅटवाल्या मित्राचीही बिल्डिंग यंदा रिकामी झाली. माळ्यावर आजोबांची एक वही निघाली, साठच्या दशकातली, ऑटोग्राफची. काही पानांवर मॅचची तिकिटं चिकटवलेली आहेत. आजोबांनी प्रत्येक सहीखाली पेन्सिलीने तारीख, मैदान आणि सोबत कोण होतं ते लिहून ठेवलंय. दोन सह्या कोणाच्या ते अजून लागलेलं नाही.